बादलीतले एकोणपन्नास अंश

एकतीस वर्षं मी शाळेत मुलांना उष्णता शिकवली, पण आंघोळीची बादली स्वतः कधी भरली नाही. आमच्याकडे तशी पद्धतच नव्हती. वडिलांचं पाणी आई काढायची. माझं पाणी लग्नाआधी आईनं काढलं आणि लग्नानंतर बायकोनं. पहाटे मी फिरायला जायचो. परत येईपर्यंत न्हाणीत बादली भरलेली, शेजारी तांब्या, दोरीवर टॉवेल. 'पानी काढलं' असा आवाज स्वयंपाकघरातून आला की उठून जायचं, एवढंच माझं काम. वर्गात मी सांगायचो की मोजमाप करणाऱ्यानं नमुना स्वतःच्या हातानं घ्यावा. हे मला घरातही लागू आहे असं कधी वाटलं नाही.

सोलर बसवला तो बायकोच्या छातीसाठी. मी निवृत्त झालो त्या वर्षी तिचा खोकला इतका वाढला की बोलता बोलता ती मध्येच थांबून भिंत धरायची. जळगाव जामोदला आमच्या गल्लीत घरोघरी गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी गॅसवर तापवणं कोणाच्याही जिवावर येतं. ते मागच्या अंगणात चुलीवरच तापतं. तुरीच्या वाळल्या काड्या, म्हणजे तुराटी, आणि कपाशीची पऱ्हाटी शेतातून फुकट मिळते आणि भडभडा जळते. पहाटे साडेपाचला सगळ्या गल्लीवर धूर उतरलेला असतो. खामगावच्या छातीच्या डॉक्टरांनी तिचा एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि मला म्हणाले, "औषध मी देतो, पण आधी धूर बंद करा. असाच चालू राहिला तर काही वर्षांनी यांना घरातला जिनासुद्धा चढवणार नाही."

महिन्याभरात मी छतावर शंभर लिटरची टाकी आणि काचेच्या दहा नळ्या बसवून घेतल्या. मागची चूल स्वतः कुदळीनं फोडली. ती दारात उभी राहून पाहत होती. "राहू द्याची होती एका कोपऱ्यात," ती म्हणाली. "कधी कामी पडली असती."

"आता सूर्य आहे," मी म्हणालो. हे वाक्य मला त्या वेळी फार आवडलं होतं.

त्याच दिवशी मी वही घातली. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. तारीख, आभाळ कसं, नळाच्या गार पाण्याचं तापमान, बादलीतल्या पाण्याचं तापमान, फरक, आणि शेवटच्या रकान्यात सूर्याकडून त्या दिवशी मिळालेली ऊर्जा. हिशेब सोपा आहे, आठवीतल्या मुलालाही येईल. लिटर गुणिले वाढलेले अंश, भागिले आठशे साठ, की उत्तर विजेच्या युनिटमध्ये येतं. शंभर लिटर पाणी वीस अंशावरून एकोणपन्नासवर गेलं तर फरक एकोणतीस, म्हणजे जवळपास तीन पूर्णांक चार युनिट. बादलीत गार पाणी मिसळायच्या आत थर्मामीटर बुडवायचा, पारा स्थिर होईपर्यंत थांबायचं, आकडा लिहायचा आणि मगच अंगावर पाणी घ्यायचं. थंडीत उघड्या अंगानं उभं राहून मी हे करायचो. बादलीतलं पाणी तेच टाकीतलं पाणी, हे मी गृहीत धरलं होतं.

पहिला हिवाळा खरा होता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकतो, कारण त्यानंतरच्या कशाबद्दल मला तसं सांगता येत नाही. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास. आकडे पाहून माझी मान ताठ झाली. रविवारी विहारात वंदना संपली की चार माणसं बाहेरच्या ओट्यावर बसतात. तिथे मी आठवड्याची सरासरी सांगायचो. गल्लीतल्या लोकांना वर छतावर नेऊन नळ्या दाखवायचो. कोणी विचारलं नाही तरी सांगायचो. आणि तिचा खोकला खरंच गेला. संक्रांतीच्या सुमाराला ती वाळवणाची ताटं घेऊन एका दमात छतावर आली. मी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, 'खोकला नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या हिवाळ्याच्या सुरुवातीला आकडा घसरला. आधी त्रेचाळीस, मग चाळीस. एका सकाळी तर सदतीस. आभाळ निरभ्र होतं, त्यामुळे दोष सूर्याचा नव्हता. माझ्या मते मग तो घरातल्या माणसाचाच होता, आणि घरात माझ्याशिवाय एकच माणूस होतं.

"काल संध्याकाळी सोलरचा नळ कोणी उघडला?" मी विचारलं.

"भांडी घासली त्या पान्यानं. हात आखडून राह्यले होते."

"किती लिटर?"

"मोजलं नाही."

"अंदाजे सांग."

ती घासलेली भांडी मांडायला लागली. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराकडे येणारा सोलरचा कॉक पकडीनं आवळून बंद केला. तरी आकडा चढेना. मग ती एकदा म्हणाली, "पानीच कोमट येऊन राह्यलं. मी हात लावून पाह्यला."

यावर मी काय केलं ते लिहायला मला आता लाज वाटते, पण लिहितो. मी ओट्यावर तीन वाट्या मांडल्या, एकीत गरम पाणी, दुसरीत गार, तिसरीत कोमट. तिचा एक हात गरम पाण्यात आणि एक गार पाण्यात ठेवायला लावला आणि मग दोन्ही हात कोमट पाण्यात घालायला सांगितले. एकाच पाण्यात एक हात गार सांगतो आणि दुसरा गरम. वर्गात या प्रयोगाला मुलं हमखास हसायची. "पाहिलंस?" मी म्हणालो. "हाताला काही कळत नाही. कळतं ते थर्मामीटरला." तिनं हात पदराला पुसले आणि वाट्या धुवायला घेतल्या.

सोलर बसवणाऱ्याला फोन करून मी चांगला झापला. तो येऊन पाहून म्हणाला, "सर, आपला हा खारपाणपट्टा. बोअरच्या पान्यातला क्षार नळ्याईत बसते. वर्षातून एकदा साफ करा लागते." मी त्याला म्हणालो की क्षार म्हणजे काय हे मी तुझ्या बापाच्या वयाच्या माणसांना शिकवलंय, एका वर्षात एवढा थर बसत नाही. तो न चिडता निघून गेला. मी पाच दिवस घरात कोणाशी बोललो नाही. म्हणजे तिच्याशी बोललो नाही, दुसरं होतंच कोण.

सहाव्या दिवशी पारा सत्तेचाळीसवर गेला. सातव्या दिवशी अठ्ठेचाळीस. मी टॉवेल गुंडाळूनच बाहेर आलो आणि तिला म्हणालो, "हवा अडकली होती नळीत. निघाली." तिनं चहा टाकला. मी सोलरवाल्याला फोन करून आकडा ऐकवला आणि साफसफाईची काही गरज नाही असं बजावलं. तोही बिचारा 'बरं सर' म्हणाला.

त्यानंतर सव्वा वर्ष माझी वही सुरळीत चालली. ढगाळ दिवशी आकडा दोन-तीन अंशांनी उतरायचा, दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की परत वर. इतकी शहाणी यंत्रणा मी पाहिली नव्हती. एका पानावर मी शेरा लिहून ठेवलाय, 'ढग असूनही ४६. नळ्यांची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता उत्तम.' उन्हाळ्यात मी मोजणी बंद ठेवायचो. आमच्याकडे वैशाखात छतावरच्या साध्या टाकीचं पाणीच अंग भाजतं, तिथे सूर्याची परीक्षा काय घ्यायची. थंडी सुरू झाली की वही पुन्हा उघडायची.

फक्त खोकला परत आला. आधी थोडा, मग पहिल्यापेक्षा जास्त. रविवारी विहारात वंदना चालू असतानाही तिला उबळ यायची आणि ती पदर तोंडावर धरायची. मला त्याचं कारण सापडत नव्हतं. कधी तिच्या लुगड्याला धुराचा वास यायचा. मी तो शेजारचा धरला. आमच्या भिंतीला लागून एका शेतकरी बाईचं घर आहे, नवरा नाही, मुलगा शेती पाहतो. तिच्या अंगणात तुराटीचा मोठा ढीग असतो. एका सकाळी मी भिंतीवरून तिला म्हणालो, "बाई, तुमच्या धुरानं आमच्या घरातल्या माणसाचा खोकला बरा होऊन नाही राह्यला. जरा विचार करा." तिनं माझ्या मागे उभ्या असलेल्या माझ्या बायकोकडे पाहिलं आणि मग हातातला खराटा घेऊन झाडायला लागली. माझी बायको आत निघून गेली. मला वाटलं, माझ्या बोलण्यानं तिला अवघडल्यासारखं झालं असेल.

खामगावला पुन्हा जावं लागलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात चूल?" मी उत्तर दिलं. मीच दिलं, ती शेजारी बसली होती. "चूल नाही. फोडून टाकली. सोलर आहे, दिवसाला सव्वातीन युनिट मिळतात, वही आहे माझ्याकडे." डॉक्टरांनी मान हलवली. चूल नाही म्हटल्यावर त्यांनी दुसरी कारणं शोधायला घेतली. रक्त तपासलं, औषध बदललं, तोंडानं ओढायचा पंप वाढवला. ती गुडघ्यांवर पर्स धरून खाली फरशीकडे पाहत होती.

तिसऱ्या हिवाळ्यात तिच्या भाच्याचा साखरपुडा निघाला. तिचं माहेर वडनेर भोलजीचं. मला सोहळ्यांचा कंटाळा, म्हणून ती एकटीच दोन दिवसांसाठी गेली. जाताना डबे दाखवले, दूधवाल्याचं सांगितलं आणि दारात थांबून म्हणाली, "उद्या आंघोळ दुपारी करा. सकाळी लय थंडी आहे."

"मी रोज सकाळीच करतो," मी म्हणालो. ती आणखी काही बोलणार होती, पण ऑटो आला.

दुसऱ्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची बादली भरली. सोलरचा नळ उघडला. पाइपातलं गार पाणी जाऊ दिलं, मग बादली लावली. थर्मामीटर बुडवला. चौतीस. मी पुन्हा बुडवला. कपाटातून शाळेच्या दिवसांतला दुसरा थर्मामीटर काढला. त्यातही चौतीस. आदल्या दिवशी कडक ऊन होतं, आणि आदल्या सकाळी वहीत एकोणपन्नास लिहिले होते. ती गेल्यापासून कोणीही नळ उघडला नव्हता. पंधरा अंश एका दिवसात जातात कुठे? उष्णता नाहीशी होत नाही, एवढं तर मी हजार वेळा फळ्यावर लिहिलं होतं.

छतावर गेलो. नळ्या उन्हात चकचकत होत्या. टाकीच्या बुडाचा बूच सैल केला तर आधी पांढरा गाळ आला, मग पाणी. तेवढ्यात खालून शेजारणीचा आवाज आला. ती तारेवर कपडे घालत होती.

"सर, आज तुमच्याकडचा धूर नाही दिसला. वयनी गावाले गेल्या काय?"

"आमच्याकडे धूर नसतो," मी म्हणालो.

तिचा हात तारेवर थांबला. "हाव, खरंच," ती म्हणाली आणि बादलीत अर्धे कपडे तसेच ठेवून आत गेली.

मी खाली उतरलो. न्हाणीच्या मागे आमची एक बोळ आहे, जेमतेम एक माणूस मावेल एवढी. तिथे मोडकं सामान असतं, मी वर्ष वर्ष तिकडे जात नाही. पत्र्याच्या एका तुकड्यामागे तीन विटा मांडलेल्या होत्या. भिंत कमरेइतकी काळी झाली होती. हातभर लांबीची तोडलेली तुराटी कोरडी राहावी म्हणून खताच्या पोत्यात भरून ठेवलेली. चार लिटरचा गंज, म्हणजे उभं पातेलं, पालथा होता, बुडाला काजळी धरू नये म्हणून बाहेरून माती लिंपलेला. मी राखेत बोट घातलं. गार होती, पण ताजी, भुरभुरीत.

मला तिची दया आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. आधी राग, आणि त्याच्या खालोखाल असं काही, की मी त्या विटांवरच बसलो. सव्वा वर्ष. रोज सकाळी मी अंगावर काटा आलेला असताना थर्मामीटर धरून उभा राहायचो आणि भिंतीपलीकडे ती ऐकत असायची. शेजारणीला ठाऊक होतं, म्हणजे गल्लीला ठाऊक होतं. ओट्यावर मी सरासरी सांगायचो तेव्हा ती माणसं माना डोलवत होती, ती कशाला? त्यांच्या बायकांनी त्यांना घरी सांगितलं नसेल का? मी त्या दिवशी आंघोळ केली नाही, जेवलो नाही. वही मांडीवर घेऊन एकेक पान उलटत बसलो, आणि कुठलं पान खरं आणि कुठलं खोटं ते मला हस्ताक्षरावरून ओळखता येत नव्हतं, कारण सगळं हस्ताक्षर माझंच होतं.

ती परत आली तेव्हा मी गंज बैठकीत टेबलावर आणून ठेवला होता. तिनं तो पाहिला, पिशवी खाली ठेवली आणि खुर्चीत बसली.

"किती टाकायचीस?" मी विचारलं. एवढं सगळं मनात असताना मी पहिला प्रश्न हा विचारला.

"तीन हिस्से सोलरचं, एक हिस्सा चुलीचं."

"आणि ढगाच्या दिवशी?"

"त्या दिवशी जरा कमी टाकायची. तुमाले खरं वाटलं पायजे."

हे मला सगळ्यांत जास्त लागलं. फसवणूक करणं वेगळं, आणि ती पटावी म्हणून माझ्या स्वभावाचा एवढा अभ्यास करणं वेगळं. "काऊन?" मी ओरडलो. "तुह्या छातीसाठी बसवला होता तो! तुह्यासाठी!"

"मले मालूम आहे. गल्लीतल्या लोकाईले पन मालूम आहे, तुमी सगळ्याईले सांगतलं." ती आवाज न चढवता बोलत होती. "सदतीस आला होता, आठवते? पाच दिवस बोलले नाही तुमी. मी ताट वाढायची, तुमी पेपर वाचत जेवायचे. सहाव्या दिवशी मी चूल मांडली. त्या दिवशी तुमी हसून चहा मांगतला."

"हीटर होता घरात. गॅस होता."

"मीटर तुमी रोज लिहिता. सिलिंडरची तारीख कॅलेंडरवर लिहिता. तुराटी तेवढी तुमी लिहीत नव्हते."

"मग डॉक्टरपाशी तरी सांगायचं!"

"डॉक्टरनं मले इचारलंच नाही. तुमीच सांगून मोकळे झाले."

माझ्याकडे आता एकच गोष्ट उरली होती आणि ती मी फेकली. मी म्हणालो, "दर रविवारी विहारात माझ्या बाजूला बसून पंचशील घेतेस. खोटं न बोलण्याचंसुद्धा."

"चौथं नाही घेतलं," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"चूल मांडली तेव्हापासून चौथं शील मी म्हटलंच नाही. ते आलं की मी खोकला आनायची. बाकीचा खोकला खरा होता. तो एक आनलेला होता." मग खरी उबळ आली आणि ती बराच वेळ वाकून खोकत राहिली. मी पाणी आणायला उठलो नाही, हेही लिहून ठेवतो.

आठवडाभर मी वहीवर बसलो. मिश्रणाचं गणित मी दर वर्षी मुलांना घालायचो: चौतीस अंशांचं बारा लिटर पाणी आणि चौऱ्याण्णव अंशांचं चार लिटर पाणी एकत्र केलं तर तापमान किती? उत्तर एकोणपन्नास. बरोबर एकोणपन्नास. तिच्या चार लिटरनं तापलेली एक बादली मी शंभर लिटरची टाकी समजून गुणत होतो. सूर्य देत होता एक पूर्णांक सहा युनिट आणि मी लिहीत होतो तीन पूर्णांक चार. मधला फरक सूर्याचा नव्हता, आणि तिचाही नव्हता, तिनं तर युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच उष्णता दिली होती. बाकी सगळं माझ्या गुणाकारातून आलं होतं. आणि ज्या हाताला काही कळत नाही असं मी तीन वाट्यांनी सिद्ध केलं होतं, त्या हातानं सव्वा वर्ष पारा एका अंशाच्या आत राखला होता. मी खोट्या पानांवर तांबड्या शाईनं रेघ मारायला घेतली. तीस-चाळीस पानांनंतर सोडून दिलं.

सोलरवाल्याला बोलावलं. त्यानं नळ्या काढल्या तेव्हा आत भाकरीच्या पापुद्र्यासारखे पांढरे थर निघाले. त्यानं फक्त एक थर माझ्या हातात दिला. नळ्या ॲसिडनं धुऊन लावल्यावर दोन दिवसांनी पाणी शेहेचाळीसवर गेलं. एवढ्या एका सकाळच्या कामासाठी तिनं सव्वा वर्ष धूर गिळला होता, आणि ते काम करू न देणारा मी होतो. हे मला समजतं. तरीही ती मला फसवत होती, हेही माझ्या मनातून जात नाही. दोन्ही एकदम खरं असू शकतं, आणि दोन्हींचा भागाकार करून एक उत्तर काढता येत नाही.

आता दोघांच्या बादल्या मी भरतो. ती पहिले काही दिवस न्हाणीच्या दारात अवघडून उभी राहायची. थर्मामीटर मी तिच्या बादलीत बुडवत नाही.

मग पुन्हा खामगाव. जाताना मी मनाशी ठरवलं होतं की डॉक्टरांना सगळं सांगायचं. त्यांनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला आणि बराच वेळ पाहिला. "धूर आहे कुठे तरी," ते म्हणाले. "नक्की आहे."

मी तोंड उघडलं. त्यांच्या टेबलासमोर मागच्या वेळी मी सव्वातीन युनिटांचं भाषण दिलं होतं, ते त्यांना आठवत असणार. "होता," मी म्हणालो. "शेजारी तुराटी जाळायचे. आता बंद करायला लावलंय."

"बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "पण छातीचं जेवढं गेलं तेवढं गेलं, ते परत येत नाही. आता आहे तिथे थांबलं तरी खूप." त्यांनी पंप तोच ठेवला आणि जिने टाळायला सांगितले.

ती याही वेळी फरशीकडे पाहत होती. एसटीनं नांदुरा मागे टाकलं. नंतर खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "तिच्यावर काऊन घातलं? तिनं तर मले वापराले तुराटी देल्ली होती." मी कंडक्टरकडे पाहत राहिलो. तो पुढच्या सीटवर तिकिटं फाडत होता.

त्या रविवारी आम्ही दोघं विहारात गेलो. नेहमीच्या जागी बसलो, ती बायकांच्या रांगेच्या टोकाला आणि मी पुरुषांच्या, मध्ये हातभर अंतर. शीलं सुरू झाली. पहिलं झालं, दुसरं, तिसरं. मी तिच्याकडे कान लावून होतो. सगळ्यांबरोबर ती म्हणत होती. चौथं आलं. तिचा आवाज आला, थोडा घोगरा, पण शब्दन् शब्द स्पष्ट. सव्वा वर्षानंतर ती ते शील घेत होती, पूर्ण.

मला खोकला आला. मी रुमाल तोंडावर धरला आणि ते शील संपेपर्यंत खोकत राहिलो. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि मधल्या सतरंजीवरून माझ्याकडे सरकवली.